बरणी क्रमांक दोन

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझं काचेचं कपाट बघत होतात, तेव्हा धाकटीनं विचारलं, "आजी, ती बरणी तू कापडानं बांधून का ठेवलीयस? काय आहे त्यात?" मी म्हटलं, "व्हिस्की." तुम्ही दोघंही इतकं हसलात की पुढचं सांगणं राहूनच गेलं.

पण ते सांगायला हवं. माझ्या मागे ही कपाटं आवरायला तुम्हीच याल, आणि हिंगाचा वास मारणारी जुनी बरणी सगळ्यांत आधी कचऱ्यात जाईल. घरातल्या वस्तूंची यादी मी करून ठेवली आहे, बरणी तिच्यात सत्ताविसावी आहे. यादीत कारणं लिहायला मात्र जागा नसते. म्हणून हे वेगळं लिहिते. मराठीतच लिहिते, अडेल तिथे बाबाला विचारा.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. आमचं सगळं बोर्ली पंचतन गाव त्यांना 'साहेब' म्हणायचं, मीही तेच म्हणते. म्हसळ्याला ते शेतीखात्यात नोकरीला होते आणि भाताच्या पीक स्पर्धेचे परीक्षक म्हणून तालुकाभर हिंडले होते. नोकरी संपली, परीक्षकपण संपलं नाही. महिला मंडळाची पापड स्पर्धा, शाळेतली रांगोळी, गणपतीतली आरास, नारळ सोलण्याची शर्यत, जिथे म्हणून नंबर काढायचे असत तिथे साहेबांना बोलावणं जाई. ते लांब वही, दोन टोक केलेल्या पेन्सिली आणि कुरमुऱ्यांची पुडी घेऊन येत. कुरमुरे दोन प्रवेशिकांच्या मध्ये खायचे, म्हणजे जीभ कोरी होते, असं त्यांचं शास्त्र होतं.

साहेबांचं वैशिष्ट्य असं, की ते पहिला नंबर कुणालाच देत नसत.

दुसरा देत. तिसरा देत. उत्तेजनार्थ तर हात सैल सोडून देत. पण निकाल वाचताना "पहिला क्रमांक" असं म्हणून ते थांबत, चष्मा पुसत आणि म्हणत, "रिकामा ठेवण्यात आला आहे. चांगलं अजून यायचंय." पीक स्पर्धेतही त्यांनी हेच केलं होतं. वरच्या ऑफिसातून विचारणा आली, तेव्हा त्यांनी "पात्र पीक आढळले नाही" एवढंच उत्तर पाठवलं. मी एकदा कारण विचारलं. तेव्हा म्हणाले, "बाई, नोकरीच्या पहिल्या वर्षी एकाला दिला होता. त्यानं प्रमाणपत्राला काचेची चौकट केली आणि पुढच्या वर्षी बांधावर बसून ती चौकटच बघत राहिला. शेतात सगळी पाखड, भातासारखं दिसणारं तण. पहिला नंबर दिला की माणूस बसतो."

हे फक्त स्पर्धांपुरतं असतं तर चाललं असतं. दिवेआगरच्या किनाऱ्यावर मुंबईची मंडळी सूर्यास्त बघून टाळ्या वाजवत, आणि साहेब त्यांच्या मागे उभं राहून म्हणत, "परवाचा बरा होता." लग्नात जेवण कसं झालं विचारलं की, "निकाल राखून ठेवला आहे." डॉक्टरांनी त्यांचा कार्डिओग्राम बघून "फर्स्ट क्लास" म्हटलं, तर साहेब उठून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, एवढ्या घाईनं फर्स्ट देऊ नका. हृदय ढिलं पडेल."

गावानं याचा सूड आपल्या परीनं घेतला. भरडखोलहून मासळी घेऊन येणारी एक बाई होती. तिच्या सुकटीच्या चटणीला साहेबांनी एकदा दुसरा नंबर दिला होता. तेव्हापासून ती त्यांच्या दारात पाटी उतरवायची, वरचा पाला बाजूला करून टपोरे पापलेट दाखवायची आणि पुन्हा झाकायची.

"ह्यो पयल्या नंबरचा, साहेब. राखून ठेवलाय. चांगलं गिऱ्हाईक अजून यायचंय. तुमी ह्यो घ्या, दुसरा."

साहेब तो दुसरा निमूट घेत. नियम त्यांचाच होता.

सगळ्यात जास्त भोगलं ते मात्र साहेबांच्या बायकोनं. मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनी म्हसळ्याच्या आतल्या गावच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. हाताला विलक्षण चव. महिला मंडळाच्या स्पर्धेत त्या दर वर्षी लोणचं ठेवत, आणि दर वर्षी त्यांना दुसरा नंबर मिळे. बक्षीस म्हणून नाव कोरलेला स्टीलचा डबा असे. त्यांच्या स्वयंपाकघरात साखर, चहा, रवा, तूरडाळ, सगळं ओळीनं 'द्वितीय क्रमांक' लिहिलेल्या डब्यांत भरलेलं होतं. चहाला बसलं की वहिनी म्हणत, "बाई, साखर दुसऱ्या नंबरची चालंल ना?"

हसत म्हणत. पण एकदा मला एकटीला म्हणाल्या, "मला मुंबई नको, काशी नको. ह्या माणसानं एकदा माझं नाव घेऊन 'पहिला' म्हनावं, चार मान्सांत. मग मी डोळे मिटले तरी चालंल."

आता व्हिस्कीच्या बाटलीकडे येते.

तुमचा बाबा दिवाळीला यायचा तेव्हा विमानतळावरून आजोबांसाठी बर्बन नावाच्या अमेरिकन व्हिस्कीची एक बाटली आणायचा. फार उंची नव्हे. तुमच्या तिकडे ती किराणाच्या दुकानातसुद्धा मिळते, फळीवर गुडघ्याच्या उंचीला ठेवलेली असते, असं त्यानंच मला सांगितलं. आजोबांना डॉक्टरांनी बंद केली होती. मग म्हणाले, "शेजारी परीक्षक आहे, त्यांच्याकडे पाठवा. पिणार नाहीत, पण तपासतील तरी."

वहिनींनी बाटली बघून विचारलं, "बोर्बन? ते चाकलेटचं बिस्किट ना?" साहेबांनी मात्र प्रवेशिका म्हणून ती रीतसर स्वीकारली.

दर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या पडवीत तपासणी होई. दहाच का, तर जीभ तोवर जागी होते आणि जेवणाला अजून लागलेली नसते. आधी दोन दिवस कांदा बंद, लसूण बंद, टूथपेस्टही बंद. घेण्याचं माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण. तीन टोपणं, त्याहून एक थेंब जास्त नाही. पहिलं कोरं, दुसऱ्यात आमच्या विहिरीचं पाणी, तिसऱ्यात त्यांच्या विहिरीचं. माझा इस्त्रीचा पांढरा टेबलक्लॉथ मागे धरून ते रंग बघत. दोन थेंब तळहातावर चोळून वास घेत, तूप घेताना आपण घेतो तसा. मग टोपण तोंडात रिकामं करून डोळे मिटून बसत. तुमच्या तिकडचे जाणकार म्हणे चव बघून थुंकतात. साहेबांना ते कळलं तेव्हा त्यांना धक्काच बसला. "थुंकायचं? स्पर्धकाच्या तोंडावर?"

वहीत लिहायचं काम माझं, कारण अक्षर माझं चांगलं आणि लेबल इंग्रजीत. लेबलावर व्हॅनिला आणि कॅरमेलचा वास येतो असं छापलं होतं. साहेबांनी ते फेटाळलं. "व्हॅनिला हे आइस्क्रीम आहे. लिहा, बाई. प्रथम काकवी. मग शेकोटीत भाजलेलं मक्याचं कणीस, एका बाजूनं करपलेलं. मागून भरडखोलच्या बंदरात उलट्या घातलेल्या होडीचं लाकूड, दुपारी तीनचं." मी एक थेंब जिभेला लावून बघितला. होडी बरोबर होती. तीनचं का चारचं ते मला सांगता आलं नसतं.

वहीत पाच रकाने होते, प्रत्येकी दहा गुणांचे. रंग, वास, चव, मागे राहतं ते, आणि वागणूक. यातलं 'मागे राहतं ते' म्हणजे घोट खाली उतरल्यावर तोंडात जे उरतं ते. 'वागणूक' हा पीक स्पर्धेतून आलेला रकाना. वारा सुटल्यावर भात उभं राहतं का आडवं होतं, ते त्यात लिहायचं. लोणच्याच्या बाबतीत बुरशी धरली का, पाणी सुटलं का ते. व्हिस्कीच्या बाबतीत आडवं कोण होतं हा प्रश्न आला, तेव्हा साहेबांनीच निर्णय दिला, "परिणाम परीक्षकावर होणार. तो परीक्षकानं स्वतः कसा मोजावा? हा रकाना घरच्यांनी भरावा."

म्हणून तेवढ्या वेळापुरती पेन्सिल वहिनींच्या हातात जाई, आणि त्या ती अशी धरत की जणू तालुक्याचा शिक्काच हाती आला आहे. त्यांच्या नोंदी अजून वहीत आहेत. पहिल्या वर्षीची: "जास्वंदीला खताबद्दल भाषण. ३." दुसऱ्या वर्षीची: "माझ्या आईची स्तुती, तीही खोटी. ४."

एकूण पन्नासपैकी अठ्ठेचाळीस झाल्याशिवाय पहिला नंबर नाही, असा नियम होता. बाटली एकटीच स्पर्धक असायची, आणि दर वर्षी दुसरी यायची.

तुमचे आजोबा गेले. बाबानं बाटली आणायची सोडली नाही, आणि साहेबांनी तपासायची. मग एका दिवाळीला, तिसरं टोपण उतरल्यावर, साहेब वहीकडे बघून म्हणाले, "चाळीस. दर वर्षी चढतेय. बाई, मला वाटतं ही बाटली एक दिवस पहिला नंबर घेईल."

वहिनी आत आमच्याच स्वयंपाकघरात चहा करत होत्या. गाळणं हातात घेऊन त्या पडवीत आल्या.

"काय म्हनालात?"

"निरीक्षण नोंदवलं."

"मी तीस वर्षं लोनचं घालतेय, मला न्हाय, आन् ह्या मेल्या बाटलीला पहिला? तिच्यात असं हाय तरी काय? बाई, वाचा ते कागदावरचं."

मी लेबल वाचून दाखवलं. निम्म्याहून जास्त मका.

"मका? कोंबड्यांचं खानं."

ओकच्या नव्या पिंपात मुरवलेली. पीप आधी आतून जाळून घेतात.

वहिनी थांबल्या. "म्हंजे बरनीला धुरी दिली. आन् त्यात काय मोठं? मी न्हाय देत? निखाऱ्यावर हिंग टाकते, त्याच्यावर बरनी पालथी घालते, धूर कोंडला की मग लोनचं भरते. किती वर्षं मुरवली म्हनं?"

"चार," मी म्हटलं.

"माझं लिंबाचं सात वर्षांचं हाय!" गाळणं साहेबांच्या दिशेनं वळलं. "घ्या दोघांना समोरासमोर. त्याच वहीत, त्याच रकान्यांत. आन् ऐका, त्या बाटलीला माझ्या आधी पहिला दिलात, तर मी म्हसळ्याला भावाकडं जाईन. परत यायची न्हाय."

साहेबांनी आव्हान स्वीकारलं, पण अट घातली की दोन्ही प्रवेशिका सारख्याच भांड्यात, नुसत्या नंबरानं, आठ दिवस आधी मोहोरबंद होऊन जमा व्हाव्यात.

"साहेब," मी म्हटलं, "एक लोणचं आहे आणि एक व्हिस्की. कितीही सारख्या भांड्यात घातलं तरी ओळखू येणारच की."

"प्रश्न ओळखण्याचा नाही, बाई. तत्त्वाचा आहे."

वहिनींकडे सासूबाईंच्या वेळच्या दोन अगदी सारख्या बरण्या होत्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी गळ्याच्या. त्यांनी त्या धुऊन, उन्हात वाळवून माझ्याकडे आणून दिल्या. मी एक नंबरच्या बरणीत लोणचं भरलं आणि दोनमध्ये बाटली ओतली. झाकणावर कापड, वर सुतळी, सुतळीवर माझ्या सहीची चिठ्ठी. कुठली बरणी कुणाची ते लिहून पाकिटात बंद केलं. मला तेव्हा सर्दी होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

आठ दिवस भरल्यावरच्या रविवारी दहाला साहेब धुतलेला सदरा घालून आले. वहिनी नवी साडी नेसून भिंतीशी बसल्या. मासळीवाली बाई पाटी खाली ठेवून पायरीवर टेकली. कोळंबी उन्हात पडून राहील म्हटलं तर म्हणाली, "पडू दे. ह्यो निकाल रोज थोडाच लागतो."

बरणी क्रमांक एक. लिंबाची काळी, मऊ फोड साहेबांनी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "लिहा. रंग नऊ. वास दहा. चव दहा. मागे राहतं ते, दहा." व्हिस्कीचा 'वागणूक' रकाना वहिनींकडे होता, तेव्हा लोणच्याचा माझ्याकडे आला. सात वर्षांत ना बुरशी, ना पाणी. मी नऊ दिले. साहेबांनी वही ओढून घेतली, खाली बेरीज लिहिली आणि वाचली, "साडेसत्तेचाळीस. दुसरा क्रमांक."

मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले आहेत. चुकलेली बेरीज मला खड्यासारखी टोचते. "साहेब, नऊ, दहा, दहा, दहा आणि नऊ म्हणजे अठ्ठेचाळीस होतात. अर्धा कुठे गेला?"

साहेब कुरमुरे खाऊ लागले.

"साहेब, अर्धा गुण कुठे गेला?"

"वजावट," ते म्हणाले. "घरच्या प्रवेशिकेला अर्धा गुण वजा. नाहीतर लोक म्हणतील परीक्षकानं बायकोला दिला."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी जुनी पानं उलटली. दर वर्षी साडेसत्तेचाळीस. पायरीवरून आवाज आला, "अग्गो बाय! तीस वर्सं अर्ध्यानं मारला!"

"बरणी क्रमांक दोन," साहेब घाईनं म्हणाले.

मी सुतळी सोडली. पहिलं टोपण. साहेबांनी ते रिकामं केलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसरं. तिसरं. डोळे मिटलेलेच होते, आणि, मुलांनो, मी खोटं सांगत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी दिवेआगरच्या एकाही सूर्यास्ताला बघितलं नव्हतं.

"लिहा," ते म्हणाले. "रंग नऊ. वास दहा. चव दहा. मागे राहतं ते..." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "दहा कमी आहेत, बाई. काकवी आहे, मका आहे, होडी आहे. पण सगळं उतरून गेल्यावर मागे आणखी कुणीतरी उभं आहे. बाहेरून दमून यावं आणि घर रिकामं नसावं, तसं. या बाटलीत हे आधी कधी नव्हतं. एकोणचाळीस. वजावट नाही, ही परकी आहे. वागणुकीचे नऊ मिळाले तर..." आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "तर पहिला."

पेन्सिल वहिनींकडे होती. नऊ दिले तर बाटलीला पहिला नंबर. वहिनी उठल्या, टेबलाशी आल्या, बरणीवर वाकल्या आणि त्यांनी एकदाच खोल वास घेतला.

"हिंग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझा हिंग! दोनी बरन्यांना धुरी दिलीय मी. बरनी धुतली की धुरी द्यायची, हाताला सवयच ती. एकीला द्यायची न्हाय हे डोक्यातच आलं न्हाय." आणि त्या हसायला लागल्या. "तुमच्या त्या मागं कोन उभं हाय म्हनता ना? मी उभी हाय!"

साहेबांनी इथे नुसतं हसायला हवं होतं. पण आयुष्यभराचा परीक्षक आधी जागा झाला. ते ताडकन उभे राहिले आणि बोट वर करून म्हणाले, "भेसळ! प्रवेशिका बाद!"

वहिनींचं हसू गेलं.

"माझी धुरी म्हंजे भेसळ?"

"नियमाप्रमाणे..."

"परक्या बाटलीत ती लागली तर दहाला दहा. माझ्या बरनीत असली तर अर्धा कमी. आन् माझी हाय म्हनून सांगितलं तर भेसळ." त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "बाराची म्हसळा गाडी हाय. येते, बाई."

आम्हाला वाटलं, घरी जाऊन भांडी आपटतील. पण दहा मिनिटांनी त्या कापडी पिशवी घेऊन आमच्या दारावरून सरळ गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "निकाल राखून ठेवतो."

मग मी त्यांना बोलले. वर्गात बोलायचे तशी. "साहेब, एकाच हाताची एकच धुरी. एका बरणीत तिच्यावर वजावट, दुसऱ्या बरणीत नाही. हे तुमच्या कुठल्या नियमात बसतं ते मला दाखवा. ही वही, ही पानं. दाखवा."

ते वहीकडे बघत राहिले. दोन पानं उलटली, परत आणली. कुरमुऱ्यांची पुडी उचलली आणि तशीच ठेवली. मग एकदम वही बगलेत मारली, का कोण जाणे बरणी क्रमांक दोन कडेवर घेतली, आणि चालू लागले. चालताचालता पळू लागले. चपला माझ्या पडवीतच राहिल्या. मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे, आणि मी, छत्री घेऊन, तिच्या मागे.

आता चित्र बघा. बोर्लीचा एसटी स्टँड, रविवारचे पावणेबारा, बाजाराची गर्दी. सत्तरीचे गृहस्थ अनवाणी, कडेवर बाळ घ्यावं तशी बरणी, तोंडाला व्हिस्कीचा आणि हिंगाचा वास. वहिनी बाकावर बसल्या होत्या. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले, चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच बोलले.

"भेसळ हा शब्द मागे घेतला आहे."

वहिनी रस्त्याकडे बघत होत्या.

"घरची वजावट खोडण्यात येत आहे." त्यांनी बरणी बाकावर ठेवली, वही उघडली, माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि सगळ्यांसमोर त्या अर्ध्यावर काट मारली. मग ताठ उभं राहून, बक्षीस समारंभाला लावत त्या आवाजात त्यांनी वाचलं, "सात वर्षांचं लिंबाचं लोणचं. अठ्ठेचाळीस गुण. पहिला क्रमांक," आणि वहिनींचं पूर्ण नाव घेतलं. माहेरच्या नावासकट. संबंध स्टँडला ऐकू जाईल असं.

कंडक्टरसुद्धा गाडीतून वाकून बघायला लागला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मासळीवालीनं तर पाटी खाली ठेवून वाजवल्या.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. नंतर हात पुढे केला. "वही द्या. बाटलीचा माझा रकाना भरायचा ऱ्हायलाय."

त्यांनी विचार केला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि लिहिलं. मी खांद्यावरून बघितलं. "अनवाणी पळाले. चार मान्सांत नाव घेतलं. साडेआठ."

साहेबांनी लगेच बेरीज केली. "एकोणचाळीस आणि साडेआठ. साडेसत्तेचाळीस. दुसरा." ते अस्वस्थ झाले. "असं कसं? नऊ द्यायला काय हरकत होती? अर्धा कुठे गेला?"

"वजावट," वहिनी म्हणाल्या, आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन घराकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मासळीवालीनं त्यांच्या दारात पाटी उतरवली, पाला बाजूला केला आणि वरचा टपोरा पापलेट वहिनींच्या हातात ठेवला. साहेबांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "परवाचा बरा होता." माणूस एका दिवसात बदलत नाही. त्यानंतरही त्यांनी कुणाला पहिला नंबर दिल्याचं मला आठवत नाही. वहिनी मात्र पुढची दोन वर्षं, स्पर्धेला काहीही न ठेवता, पहिल्या रांगेत बसून पानाचा डबा उघडत आणि इतरांना सांगत, "दुसरा वाईट नसतो हो. मी पन लई वर्षं घेतलाय."

आणि लोणचं? ते साहेब म्हणत होते तसं झालं नाही. पहिला नंबर मिळाल्यावर वहिनी बसल्या नाहीत. पुढच्या वर्षीचं त्याहून चांगलं झालं. साहेबांनी ते खाल्लं, डोळे मिटले, आणि वहीत काहीच न लिहिता पुन्हा वाढून घेतलं.

साहेब तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले होते. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, "कालच्यापेक्षा कमी. पण व्यवस्था चांगली आहे," आणि उशाशी बसलेल्या वहिनींकडे बघितलं. वहिनी गेल्या महिन्यात भाच्याकडे म्हसळ्याला राहायला गेल्या, या वेळी न रागावता. जाताना वही आणि बरणी माझ्याकडे ठेवून गेल्या. म्हणाल्या, "लोनचं मी नेते. तुमची बाटली तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. नातवंडं आली की त्यांना टोपनानं द्या, वाटीनं न्हाय."

वही यादीत अठ्ठाविसावी आहे. बरणी क्रमांक दोन काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. आत चार बोटं व्हिस्की शिल्लक आहे. कापड सोडलं की अजून हिंगाचा वास येतो.